जे उपजत आहे ते सर्वांचे आहे

माणूस जन्मताना काही ज्ञान घेऊन येतो की सारे इथेच शिकतो, हा प्रश्न आपल्याकडे तत्त्वज्ञानाच्या वर्गापेक्षा प्रवेशपरीक्षांचे निकाल लागल्यावर, आरक्षणाचा विषय निघाल्यावर आणि अलीकडे यंत्रे माणसासारखी वाक्ये लिहू लागल्यावर अधिक हिरिरीने चर्चिला जातो. त्यातले पक्ष ठरलेले असतात. एकाच्या मते बुद्धी रक्तातूनच येते आणि शाळा तिला फार तर झिलई देते. दुसऱ्याच्या मते मूल ही कोरी पाटी असते आणि तिच्यावर जे लिहावे ते उमटते. गंमत अशी की दोघांनाही तुकोबांचाच आधार लागतो. पहिला ‘शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी’ म्हणतो, तर दुसरा ‘असाध्य ते साध्य करिता सायास’. (पहिल्या अभंगाच्या पुढच्या ओळी वंशावळीविषयी नाहीत, अमृतासारख्या वाणीविषयी आणि निर्मळ चित्ताविषयी आहेत, हे तो उद्धृत करणाऱ्यांच्या गावीही नसते.)

माझ्या मते हे दोन्ही पक्ष एकाच चुकीचे वाटेकरी आहेत. उपजत म्हणजे एखाद्याकडे असलेले आणि शेजाऱ्याकडे नसलेले काहीतरी, असे दोघांनीही मनोमन धरून ठेवले आहे. पहिल्याला असा भेद हवा असतो म्हणून तो उपजत गुणांचा जयघोष करतो; दुसऱ्याला तो भेद नको असतो म्हणून तो उपजत असे काही असते हेच नाकारतो. गेल्या साठेक वर्षांतील संशोधन पाहता बाळाच्या मनात सुरुवातीपासून बरेच काही असते याबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. परंतु जे असते ते मनुष्यजातीच्या मुलांचे सामाईक धन असते, मग ते मूल मेळघाटात जन्मो की मलबार हिलला. हे नीट समजून घेतले तर उपजत ज्ञानाचा पुरावा समतेच्या बाजूने उभा राहतो, आणि शाळेने काय शिकवायचे व काय मुलाकडे आधीच आहे असे धरून चालायचे, याचा निवाडाही बऱ्याच अंशी करता येतो.

कोरी पाटी मानणाऱ्यांची बाजू दुबळी मुळीच नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० साली मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली, तेव्हा त्याला केवळ मनोव्यापारांचे वर्णन करायचे नव्हते. एखादे तत्त्व उपजत ठरवले की त्याची चिकित्सा थांबते, आळशी माणसाची सोय होते आणि गुरू म्हणवणाऱ्यांच्या हाती अनुयायांवरची सत्ता येते, अशी त्याची तक्रार होती, आणि ती पुढे वारंवार खरी ठरली. फ्रान्सिस गाल्टनने १८६९ साली इंग्लंडमधील नामवंत घराण्यांच्या वंशावळी मांडून प्रतिभा वंशपरंपरेने येते असे सांगितले आणि १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतिमंद ठरवलेल्या एका तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवताना ‘मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या’ असे निकालपत्रात लिहिले. आपल्याकडे तर असल्या निकालाची वाट पाहावी लागली नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली, तेव्हा त्यांना केवळ सरकारच्या कंजूषपणाशी लढायचे नव्हते. शूद्रातिशूद्रांच्या आणि स्त्रियांच्या जन्मातच विद्या नाही, या शेकडो वर्षे मुरलेल्या समजुतीशीही लढायचे होते. या इतिहासाचे ओझे असलेल्या समाजात ‘उपजत’ हे विशेषण ऐकताच कोणाच्या कपाळावर आठी पडली, तर तिला दोष कसा द्यावा?

पण राजकीय परिणामांवरून एखाद्या विधानाचे खरेखोटेपण ठरत नाही, आणि ठरवायचेच असेल तर कोऱ्या पाटीचा जमाखर्चही मांडावा लागेल. माओने १९५८ साली चीनची जनता गरीब आणि कोरी आहे, कोऱ्या कागदावर सर्वांत सुंदर चित्रे काढता येतात, असे लिहिले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘मोठ्या झेपे’ने ओढवलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनने आपल्याला डझनभर धडधाकट बाळे आणि हवे तसे वातावरण दिल्यास त्यांतल्या कोणालाही डॉक्टर, वकील किंवा चोर बनवून दाखवू, अशी बढाई मारली (आपण पुराव्याच्या पुढे जाऊन बोलत आहोत, ही पुढची कबुली सहसा उद्धृत होत नाही). मूल जर संपूर्णपणे घडवणाऱ्याच्या हातात असेल तर मुलात जे काही बिघडले त्याचा अपराधी घडवणाराच ठरतो. म्हणूनच विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वमग्न मुलांच्या आयांना ‘तुमच्या थंड वागण्यामुळे हे झाले’ असे तज्ज्ञांकडून ऐकावे लागले. मन अगदी कोरे असेल तर त्यावर लिहिण्याच्या अधिकाराला मर्यादा कोण घालणार?

शास्त्रीय आघाडीवरही अनुभववाद्यांच्या, म्हणजे सारे ज्ञान अनुभवातूनच येते म्हणणाऱ्यांच्या, हाती भक्कम पुरावे आहेत. जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची सलग साखळी अवघी दोन मिनिटे ऐकवली. मध्ये कोठेही विराम नव्हता, तरी कोणत्या अक्षरामागून कोणते अक्षर येते एवढ्या आधारावर बाळांनी त्यातले ‘शब्द’ वेगळे काढले. जिथे खास यंत्रणा लागेल असे वाटत होते तिथे नुसती मोजदाद पुरली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जन्मापासून एकही चेहरा पाहू न दिलेल्या माकडांच्या मेंदूत चेहऱ्यांना प्रतिसाद देणारे विभाग तयारच झाले नाहीत. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ साली, भाषा ही सवयीने जडणारी वर्तणूकच आहे या मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या वर्तनवादी विचारावर घणाघात केला आणि पुढे उपजत वैश्विक व्याकरणाची, म्हणजे साऱ्या मानवी भाषांच्या मुळाशी असलेल्या एकाच जन्मजात आराखड्याची, कल्पना मांडली. पण त्या व्याकरणात नेमके कोणते नियम आहेत यावर भाषाशास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही, आणि साऱ्या भाषांत आढळतात म्हणून सांगितलेल्या कितीतरी गोष्टींना अपवाद सापडले आहेत.

शिवाय जन्माच्या क्षणी दिसते ते सारे उपजत असतेच असे नाही. नवजात बाळ परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करते हे १९८० साली दाखवून देण्यात आले, आणि २००९ साली जर्मन व फ्रेंच नवजातांच्या रडण्याच्या चालीतही त्या त्या भाषेच्या लयीप्रमाणे फरक आढळला: फ्रेंच बाळांचे रडणे चढते, जर्मन बाळांचे उतरते. हे ज्ञान गर्भात मिळवलेले आहे. पोटात असताना चक्रव्यूह ऐकणाऱ्या अभिमन्यूची लोकप्रिय कथा आपण जन्मजात प्रतिभेचा दाखला म्हणून सांगतो, पण ती खरे तर शिकण्याची, तेही अर्ध्यावर तुटलेल्या शिकवणीची कथा आहे. (गर्भसंस्काराचे वर्ग चालवणाऱ्यांनी मात्र यातून फार हुरळून जाऊ नये. बाळापर्यंत आवाजाची लय पोहोचते; श्लोकाचा अर्थ पोहोचत नाही.)

एवढे सारे मान्य करूनही कोरी पाटी उभी राहत नाही, कारण शिकण्यासाठी शिकणारा लागतो आणि तो शिकून तयार झालेला असू शकत नाही. बुद्धीत असे काहीही नाही जे आधी इंद्रियांत नव्हते, या जुन्या वचनाला जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निट्सने लॉकला उत्तर देताना तीनच शब्दांची पुस्ती जोडली: खुद्द बुद्धीचा अपवाद. सॅफ्रनच्या बाळांचेच घ्या. त्यांनी अक्षरांच्या जोड्या मोजल्या, पण अक्षरेच मोजायची हे त्यांना कोणी सांगितले? त्या दोन मिनिटांत खोलीतला प्रकाश होता, आईच्या मांडीची ऊब होती, कपड्यांचा वास होता. या अगणित गोष्टींतून नेमका आवाजाचा क्रम धरायचा ही निवड अनुभवाने शिकवलेली नाही, तिच्यामुळेच तो अनुभव उपयोगी पडला. सुसान मिनेका आणि मायकेल कुक यांच्या माकडांवरील प्रयोगांत हे आणखी स्पष्ट होते. प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हिसस माकडांना सापाची भीती नसते, तेव्हा ती भीती उपजत नाही, इथे लॉक जिंकला. पण दुसरे माकड सापाला घाबरत असल्याची चित्रफीत दाखवताच ती चटकन घाबरायला शिकतात. आणि त्याच चित्रफितीत जुळणी करून सापाच्या जागी फुले दाखवली, दुसरे माकड फुलांनाच घाबरते आहे असे भासवले, तर मात्र शिकत नाहीत. धडा एकच, शिक्षक एकच, तरी एक विषय पक्का बसतो आणि दुसरा बसतच नाही. याला शिकलेले म्हणायचे की उपजत? प्रश्न असा विचारला की त्याला उत्तर नाही, आणि दोष उत्तराचा नाही.

आपल्या अधिक परिचयाचे उदाहरण भाषेच्या ध्वनींचे आहे. ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक मराठी माणसाला इतका सहज वाटतो की तो ज्याला ऐकू येत नाही अशा इंग्रज माणसाचे आपल्याला हसू येते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात १९८४ साली दाखवले की इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला हा फरक बरोबर कळतो, आणि वर्ष पुरे होईपर्यंत त्यांची ती क्षमता जवळजवळ मावळते. त्या बाळांनी हिंदी कधी ऐकली नव्हती. फरक ऐकणारा कान त्यांच्याजवळ अगोदरच होता. मग शिक्षणाने काय केले? त्याने नको ते वगळले. कोऱ्या पाटीच्या चित्रात शिक्षण म्हणजे भर, अशी एकच शक्यता असते. मुलांच्या बाबतीत मात्र पहिल्या वर्षाचे कितीतरी शिक्षण छाटणीचे असते. आणि ही गोष्ट टोरांटोच्या बाळाला जितकी लागू आहे तितकीच तुळजापूरच्या बाळाला: मराठीने न वापरलेले कितीतरी भेद आपणही वर्षाच्या आत असेच टाकून दिले आहेत.

या वादातली सर्वांत जुनी पैज आपल्याच देशात निकालात निघाली, याची मात्र आपल्याकडे कमी चर्चा होते. विल्यम मॉलिन्यू या आयरिश विद्वानाने १६८८ साली लॉकला विचारले: जन्मांध माणूस घन आणि गोल स्पर्शाने ओळखतो, त्याला एकाएकी दृष्टी आली तर हात न लावता, नुसते पाहून तो ते ओळखेल का? लॉकने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘नाही’ असे उत्तर दिले. तीनशे वर्षांहून अधिक काळ या प्रश्नाचा नीट प्रयोग करणे अवघडच राहिले, कारण पाश्चात्त्य देशांत जन्मजात मोतीबिंदूवर तान्हेपणीच शस्त्रक्रिया होते आणि जाणत्या वयात दृष्टी मिळालेला माणूस क्वचितच सापडतो. भारतातील गरिबीमुळे असा प्रयोग शक्य झाला, हे आपल्याला भूषणावह नाही. जन्मांध मुलांवर उपचार करून त्यांच्या दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या पवन सिन्हा यांच्या ‘प्रकल्प प्रकाश’मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या आठ ते सतरा वर्षे वयाच्या पाच मुलांची चाचणी घेण्यात आली आणि निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. पट्टी काढल्यानंतर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखताना त्यांचे उत्तर जवळजवळ नाणेफेकीइतकेच बरोबर होते. लॉक जिंकला. पण पुन्हा पाहिले तेव्हा काही दिवसांतच मुले ते बरेच चांगले करू लागली होती. आयुष्यभराच्या अंधारानंतर एवढ्या थोड्या अवधीत स्पर्श आणि दृष्टी यांची सांगड घालणारी यंत्रणा कोठून आली? त्यापुढचा निष्कर्ष २०१५ साली आला. दूर जाणाऱ्या रेल्वे रुळांसारख्या दोन तिरप्या रेषांमध्ये सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या की वरची आपल्याला लांब दिसते. हा भ्रम वर्षानुवर्षे जवळ-दूर पसरलेले जग पाहून पाहून तयार होतो, असे एक वजनदार मत होते. दृष्टी नुकतीच मिळालेल्या नऊ मुलांना तो भ्रम ताबडतोब झाला. ज्यांनी रस्ता कधी पाहिला नव्हता त्यांचे डोळे आपल्यासारखेच फसले. त्याच प्रकल्पात, त्याच देशातल्या मुलांत, एक गोष्ट शिकावी लागली आणि दुसरी शिकावी लागली नाही.

भाषेपुरते बोलायचे तर निकाराग्वातील बहिऱ्या मुलांइतका बोलका पुरावा मला दुसरा ठाऊक नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वा शहरात बहिऱ्या मुलांसाठी शाळा सुरू होईपर्यंत ही मुले आपापल्या घरांत एकटी होती आणि घरगुती खाणाखुणांवर भागवत होती. शाळेत शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवू पाहत होते आणि त्यात त्यांना फारसे यश येत नव्हते. मुलांनी मात्र मैदानावर आणि बसमध्ये आपसांत खुणा जुळवल्या. त्यांच्या मागून आलेल्या लहान मुलांनी त्या तोडक्यामोडक्या खुणा उचलून त्यांची रीतसर भाषा केली. उतारावरून गडगडत जाणे दाखवताना ऐकू येणारी माणसे हात एकाच वेळी फिरवत खाली नेतात, कारण घटना तशीच घडते. नव्या पिढीतल्या मुलांनी तिचे दोन तुकडे केले, ‘गडगडणे’ आणि ‘खाली जाणे’, आणि ते एकापाठोपाठ मांडू लागली. अ‍ॅन सेंगास यांनी २००४ साली ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. असे तुकडे पाडण्याचा नमुना त्या मुलांसमोर कोणी ठेवला नव्हता. जे मिळाले त्यापेक्षा त्यांनी अधिक परत दिले. ते अधिकचे आले कोठून, याचे उत्तर कोरी पाटी मानणाऱ्यांनी द्यायचे आहे.

इथे हल्ली एक नवा आक्षेप घेतला जातो, की भाषा-यंत्रांनी हा वाद संपवला आहे: व्याकरणाचा एकही नियम न सांगता, निव्वळ मजकुराच्या राशीतून ती भाषा शिकतात, तेव्हा मुलाकडेही उपजत काही असण्याचे कारण उरत नाही. यंत्रे शिकतात हे खरे आहे, आणि निव्वळ अनुभवातून व्याकरण मिळवणे तत्त्वतःच अशक्य असल्याचे जे छातीठोकपणे सांगत होते त्यांना ते माघारी घ्यावे लागेल. पण २०२० सालचे एक गाजलेले यंत्र सुमारे तीस हजार कोटी शब्दखंडांवर शिकवले गेले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या कानांवर तोवर पडलेले शब्द फार तर दहा कोटी भरतात. हजारो पट सामग्री लागणाऱ्या शिकण्यावरून तेवढी सामग्री न लागणाऱ्या शिकण्याचा खुलासा कसा होणार? उलट ही तफावतच सांगते की मुलाकडे असे काहीतरी आहे ज्याने त्याची मेहनत वाचते.

हे ‘काहीतरी’ येते कोठून, या प्रश्नावर भारतीय परंपरेत झालेला वाद आजच्या कोणत्याही चर्चेपेक्षा तल्लख आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे की नुकत्याच जन्मलेल्या बाळाला हर्ष, भय, शोक होतात आणि दुधाची ओढ असते; या जन्मात तर त्याने अजून काही अनुभवलेले नाही; म्हणून त्याला पूर्वजन्म असला पाहिजे. पूर्वपक्ष, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो, कमळ नाही का आपोआप उमलत आणि मिटत? लोखंड नाही का लोहचुंबकाकडे जात? नैयायिकाचे उत्तर पाहण्यासारखे आहे: कमळाला ऊन, थंडी, पाऊस ही कारणे आहेत, आणि लोखंडदेखील चुंबकाकडेच जाते, भलतीकडे जात नाही, म्हणजे त्या नेमकेपणालाही कारण आहेच, तेव्हा बाळाच्या नेमक्या ओढीचे कारण तुम्ही सांगा. ग्रीसमध्ये प्लेटोने याच धर्तीवर, गणित न शिकलेल्या गुलाम मुलाकडून दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढून घेऊन, ज्ञान ही आत्म्याची जुनी आठवण आहे असे सांगितले. प्रश्न अचूक होता, उत्तरासाठी लागणारी माहिती कोणाजवळ नव्हती. ती ज्याच्याजवळ प्रथम आली त्या डार्विनने १८३८ च्या सुमारास आपल्या टिपणवहीत लिहून ठेवले: आपल्या आवश्यक कल्पना आत्म्याच्या पूर्वास्तित्वातून येतात असे प्लेटो म्हणतो, पूर्वास्तित्वाच्या जागी माकडे वाचावे. बाळाजवळ मागच्या जन्मांची कमाई खरोखरच आहे. फक्त ते जन्म त्याच्या जिवाचे नव्हेत, त्याच्या पूर्वजांचे आहेत, आणि ती कमाई आठवणीत साठलेली नसून उत्क्रांतीतल्या नैसर्गिक निवडीने घडत गेलेल्या मेंदूच्या रचनेत आहे.

ही कमाई कोणाची, याचे उत्तर आता सोपे होते. जे पूर्वज आपल्या सर्वांचे आहेत त्यांनी ठेवलेले धन कोणा एका जातीचे किंवा घराण्याचे असणार नाही. पुण्या-मुंबईच्या अनाथालयांतून स्वीडनला किंवा नेदरलँड्सला तान्हेपणी दत्तक गेलेली मुले तिथली भाषा तिथल्या मुलांसारखीच बोलतात. त्यांच्या रक्तात मराठी नव्हती आणि डच भाषेला त्यांचे रक्त आडवे आले नाही. माणसामाणसांत उपजत फरक असतातच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बुद्धी रक्तात असते म्हणणारे त्या फरकांवरून समाजगटांची उतरंड रचतात, तिथे त्यांचे तर्कशास्त्र कोसळते. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने १९७० साली दिलेला दृष्टांत आपल्या शेतात आणून पाहा: एकाच पोत्यातले जोंधळ्याचे बियाणे अर्धे काळ्या कसदार रानात आणि अर्धे मुरमाड माळावर पेरले, तर प्रत्येक रानातल्या दोन ताटांमधला फरक बियाण्याचा असू शकेल, पण दोन रानांमधला फरक सर्वस्वी जमिनीचा असेल. एरिक टर्कहायमर यांनी २००३ साली अमेरिकेतील जुळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या बुद्ध्यंकातील फरकांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा निघाला, आणि अत्यंत गरीब घरांत तो जवळजवळ शून्य निघाला. (नंतरच्या अभ्यासांत सर्वच देशांत हे चित्र दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे.) ज्याला उगवायला पुरेसे पाणीच मिळाले नाही त्याच्या बियाण्याची परीक्षा कशी घेणार? बुद्धिमापन चाचणीचा जनक आल्फ्रेड बिने याने १९०५ ची आपली चाचणी ज्यांना जास्त मदत हवी अशी मुले शोधण्यासाठी बनवली होती, आणि बुद्धी ही ठरीव, न वाढणारी राशी आहे म्हणणाऱ्यांच्या ‘क्रूर निराशावादा’चा निषेध केला होता. आज आपल्या शहरांत बोटांच्या ठशांवरून मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता आणि साजेसा व्यवसाय सांगणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. पण त्या खपतात, कारण ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ यावरचा आपला विश्वास अढळ आहे.

शाळेच्या दृष्टीने यातून जे निघते ते दोन्ही पक्षांना अडचणीचे आहे. बोलणे मूल आपसूक उचलते. वाचणे उचलत नाही. लेखनाला उणीपुरी पाच हजार वर्षे झाली आहेत आणि त्यातली बहुतेक वर्षे बहुतेक माणसे निरक्षर होती, तेव्हा वाचनाची उपजत यंत्रणा तयार होण्याचा प्रश्नच येत नाही. ज्याच्या घरात चार पिढ्या पुस्तके आहेत त्या मुलालाही अक्षर आणि ध्वनी यांची जोडी कोणीतरी दाखवून द्यावीच लागते. ती घरात लवकर दाखवली जाते म्हणून ती दिसत नाही, आणि मग तिला हुशारी म्हटले जाते. गणितातही हेच. कमी-जास्तीची ढोबळ जाण तान्ह्या मुलांना असते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील मुंडुरुकू लोकांच्या भाषेत पाचापलीकडे संख्यानामे नाहीत, तरी मोठ्या राशींचा अंदाज ते उत्तम करतात. नेमकी मोजणी मात्र संख्यानामांखेरीज त्यांना जमत नाही, आणि संख्यानामे ही शिकण्याची गोष्ट आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ अशी वाचनाची सोय केली, तेव्हा मराठी बुडाली अशी ओरड विधिमंडळापर्यंत गेली. मंगला नारळीकरांच्या समितीचे म्हणणे साधे होते: त्रेसष्ट म्हणताना तीन आधी आणि साठ नंतर, लिहिताना सहा आधी आणि तीन नंतर, हा गोंधळ सहा-सात वर्षांच्या मुलाला खरोखर अडवतो. ज्यांना तो कधी अडला नाही असे वाटते ते फक्त विसरले आहेत. त्या सुधारणेशी कोणी असहमत असू शकेल. पण गणित ‘ज्याला येते त्याला येते’ असे समजणाऱ्यांनी तिची जी टिंगल केली तिच्यात सहा वर्षांच्या मुलाचा विचार कुठेच नव्हता. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्री करणाऱ्या मुलांचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुले तोंडी हिशेब झटपट करतात आणि तेवढ्याच अवघड शाळेतल्या उदाहरणाशी अडतात; शाळेतल्या मुलांचे नेमके उलटे होते. त्यांतल्या कोणाची बुद्धी कमी म्हणायची?

उलट बाजूला, जे उपजत आहे त्यालाही वेळेवर खाद्य लागते, आणि कोऱ्या पाटीवर केव्हाही लिहिता येईल या भरवशावर राहिल्यास ते वाया जाते. ह्यूबेल आणि विझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने झाकून ठेवला, तेव्हा डोळा निरोगी असूनही त्याची दृष्टी गेली. भाषेलाही अशी मुदत असते. मेळघाटातल्या कोरकू मुलाने पाच वर्षांत एक आख्खे व्याकरण आत्मसात केलेले असते. पहिलीत त्याच्याशी कोणी त्या भाषेत बोलत नाही आणि वर्षअखेर त्याच्या नावापुढे ‘ढ’ लागतो, त्यातला नापास कोण हे उघड आहे. बहिऱ्या मुलाची स्थिती त्याहून बिकट, कारण त्याच्यापर्यंत कोणतीच भाषा पोहोचलेली नसते. अशी बहुतेक मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी येतात, दोष दोन-तीन वर्षांनी ध्यानात येतो, आणि तेव्हाही ‘खुणा करू देऊ नका, नाहीतर तो बोलणार नाही’ हाच सल्ला पुष्कळांना मिळतो. मानाग्वातल्या शिक्षकांचाही तोच समज होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला जागा दिली आहे, भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत राष्ट्रीय केंद्र आहे, नवजातांच्या कानांची तपासणी काही मिनिटांत होते. ती तपासणी जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण प्रसूतिगृहापर्यंत सक्तीची करावी, आणि दोष आढळलेल्या मुलाच्या घरी पहिल्या वाढदिवसाच्या आत सांकेतिक भाषा शिकवणारे माणूस पोहोचावे.